सातव्या वळणावरचा पाय

सातव्या वळणावर दत्तारामने पाय उचलला, आणि ते मला ऐकू आलं. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. गाडी अजून खाली झाडांच्या आड होती, तिचा आवाज तेवढा चढत येत होता. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा, सगळं माझं पाठ असलेलं. आणि मी उभी होते तिथून दहा पावलं अलीकडे तो आवाज अर्धा सेकंद बसला. बंद पडला नाही. बोलताना माणूस आवंढा गिळतो, तेवढंच. मग परत उठला, आमची पिस्ता रंगाची हेरल्ड मागचं बूड हलवत माझ्या पुढ्यातून गेली, वर एकसष्ट नंबरच्या प्लॉटचा दगड तिने ओलांडला आणि मी घड्याळाचं बटण दाबलं. चौऱ्याऐंशी सेकंद. गेल्या रविवारीही चौऱ्याऐंशी, त्याच्या आदल्या रविवारी पंच्याऐंशी. वरून गाडी वळवून तो खाली आला, हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि म्हणाला, "कार्बोरेटर पेट्रोल कमी देतोय गं. सातव्यानंतर दमच जातो तिचा. त्यातले पेट्रोलचे जेट बदलायला लागणार." मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी."

तोंडाने मी त्यांना अहो म्हणते. चोवीस वर्षं म्हणतेय, रायगडातल्या सासरी दुसरं काही चालणारही नव्हतं. पण मनात तो दत्ताराम. मनात मी त्याला अरेतुरे करते, कधीकधी चांगला झापतेसुद्धा. तर त्या रविवारी परत येताना मी मनात त्याला झापत होते आणि तोंडाने गप्प होते, आणि आमच्या गाडीला छप्परच नसल्यामुळे काशीमिऱ्याच्या सिग्नलला रिक्षावाले वाकून वाकून आत बघत होते. माझ्या कानावर माझा विश्वास आहे, हीच तर अडचण. टेलिफोन खात्यात बावीस वर्षं मी तक्रारींच्या टेबलावर बसते. लोक सांगतात लाइन खराब आहे, खरखर येते, आणि मी हेडफोन लावून ती लाइन ऐकते. दोष बाहेरच्या केबलमध्ये आहे की त्यांच्या घरातल्या यंत्रात, ते मला आवाजावरून सांगायचं असतं. पाणी शिरलेली केबल वेगळी वाजते, उंदराने कुरतडलेली वेगळी. शंभरात पाच वेळा चुकत असेन. असला कान घेऊन आठ वर्षं मी त्या टेकडीवर घड्याळ धरून उभी राहिले आणि मला काही कळलं नाही, कारण मी उभी राहायचे ती अगदी वर, शेवटच्या दगडापाशी. तिथे मधल्या कातळामुळे आवाज तुटून येतो. दत्ताराम खालून निघताना हॉर्न वाजवायचा, मी बटण दाबायचे. दगड ओलांडला की परत दाबायचे. बस. या रविवारी वरच्या झाडाला आग्या मोहोळ लागलं होतं. राखणदार लवूने मला वर जाऊच दिलं नाही, म्हणाला हितून पन दगर दिसतो. म्हणून मी सातव्यावर उभी राहिले. मोहोळ नसतं तर आणखी आठ वर्षं मी सुखाने चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी करत राहिले असते.

ही टेकडी म्हणजे एका बिल्डरची अडकलेली बंगल्यांची स्कीम. त्याने आधी रस्ता केला, अकरा वळणांचा, सव्वा किलोमीटर चढाचा, डांबर असं की पायाने चालायला वाईट वाटावं. दोन्ही बाजूंना प्लॉटचे नंबर घातलेले दगड लावले. मग परवानग्या आल्याच नाहीत. बंगले राहिले, रस्ता राहिला, आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबला तो सापडला. क्लब म्हणजे वीसेक वेडे. चंदन म्हणून एक प्लायवूडवाला आमचा सेक्रेटरी, त्याची काळी फियाट, जिच्या इंजिनावर त्याने इतकं काम करून घेतलंय की ती मूळची फियाट म्हणायला आता तिचं नावच उरलंय. दर फेब्रुवारीत बिल्डरची लेखी परवानगी काढून आम्ही रस्ता बंद करतो, वळणांवर पेंढ्याचे भारे रचतो, रुग्णवाहिका उभी करतो आणि एकेक गाडी एकटी वर सोडतो. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या, कमीत कमी सेकंद लागतील तो जिंकला. बक्षीस म्हणजे पितळेचा एक ओबडधोबड पिस्टन, लाकडावर बसवलेला. चंदनकडे ते पाच आहेत. त्याचा आकडा ब्याऐंशी. आमचा चौऱ्याऐंशी. या दोन सेकंदांनी आमच्या घरातली आठ वर्षं खाल्ली.

अठ्ठ्याण्णव साली दत्तारामने वसईच्या एका डॉक्टरांच्या शेडमधून ही गाडी काढून आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तो तेव्हा कारखान्यातल्या नोकरीतून मोकळा झाला होता आणि भाईंदर पूर्वेला गाळा घेऊन स्टीलच्या भांड्यांचे साचे करायला लागला होता. दिवसभर लेथ, संध्याकाळी हेरल्ड. मला आधी रागच आला होता. मग एका रविवारी त्याने मला हाक मारली, पान्याने वरचे बोल्ट काढले, दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि गाडीचं छप्पर पातेल्यावरचं झाकण काढावं तसं उचलून बाजूला ठेवलं. मी हसत सुटले. हेरल्डचं छप्पर नुसतं बोल्टने बसवलेलं असतं, हे मला काय माहीत. तशीच उघडी गाडी घेऊन आम्ही पूनम सागरला आमच्या बिल्डिंगखाली आलो तर शेजारची हंसाबेन गॅलरीतून म्हणाली, "दत्तारामभाई, बाकी आधी गाडी कब आएगी?" अर्धी गाडी. नंतर मागच्या सीटा गेल्या, गालिचा गेला, खाली नुसता पत्रा राहिला, कारण प्रत्येक किलो म्हणजे सेकंदाचा तुकडा. एकाचे दोन कार्बोरेटर झाले. स्प्रिंगा खाली बसल्या. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, त्याने स्वतः घासला, मायक्रोमीटर लावून, श्वास धरून, आणि तो फिरवून बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आमची रुचिता झाली तेव्हाही मी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तो तेव्हा फार आवडला. आणि दर फेब्रुवारीत आम्ही हरायचो, आणि तो म्हणायचा कुठे चुकतंय ते सापडलं, आणि सोमवारपासून गाळ्यात परत नट उघडायचे.

सोमवारी एक्स्चेंजला जाताना रिक्षात मला एकदम आठवलं आणि मी एवढी ताठ झाले की बाजूची बाई सरकून बसली. तिसऱ्या वर्षी, त्याच वळणावर, एक कुत्रं आडवं आलं होतं. मी वर होते, मला दिसलं नव्हतं. दत्ताराम वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते आणि म्हणाला काही नाही, कुत्रं होतं. घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याने ओट्यावर दोन लाटणी मांडून मला समजावलं होतं. हेरल्डची मागची चाकं एका अखंड दांड्यावर नसतात, दोन बाजूंना सुटी हलतात. वळणात असताना एकदम अॅक्सिलरेटर सोडला की मागचं अंग वर उठतं, चाकं आत मुडपतात आणि गाडी आडवी व्हायला बघते. "म्हणून वळणात शिरलं की पाय हलवायचा नाही," तो म्हणाला होता, "भीती वाटली तरी नाही. दाबलेला ठेवला की ती जमिनीला धरून राहते." हे मला त्यानेच शिकवलं. उत्तनच्या रस्त्याला गाडी चालवायला शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी शिकवलं. म्हणजे नियम त्याला माझ्याहून चांगला ठाऊक. डोक्याला ठाऊक होता, पायाला ठाऊक नव्हता. त्या कुत्र्याच्या दिवशी पायाने भीती घेतली आणि मालकाला सांगितलं नाही. आणि मालक पाच वर्षं इंजिन उघडत बसला. मला रडू येत होतं की हसू, ते रिक्षा थांबेपर्यंत ठरेना.

आता सांगायचं कसं. मी दिवसभर परक्या माणसांना सांगते, साहेब, लाइन ठीक आहे, दोष तुमच्याकडे आहे. ती माणसं भांडतात, माझा फोन नवीन आहे म्हणतात, आणि मी शांतपणे परत तेच सांगते. घरी भाजी वाढताना तेच वाक्य घशाशी आलं आणि मी ते गिळलं. पन्नाशीचा माणूस. कारखाना सुटला तेव्हा त्याने हातपाय गाळले नाहीत ते या गाडीमुळे. तिच्यात दोष आहे म्हणून तर तो रोज उठून गाळ्यात जातो. दोष तुझ्यात आहे म्हटलं तर काय उरणार त्याच्याकडे? आणि सांगितलं नाही तर? येत्या रविवारी स्पर्धा, मग आणखी एक वर्ष, आणखी एक कॅमशाफ्ट, आणि मी ते जाणून वर उभी राहणार, हातात घड्याळ घेऊन. तेही मला जमणार नव्हतं. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी बघत नव्हते. बुधवारी पोळ्या लाटताना बघावंच लागलं. मला तिच्यात बसायचं होतं. बाजूला नाही, स्टिअरिंगवर. तो पाय कुणी उचलला नाही तर ती कशी जाईल, हे मला माझ्या पायाने बघायचं होतं, आणि ते इतकं हवं होतं की पोळी तव्यावर काळी झाली.

गुरुवार माझा सुट्टीचा वार. दत्ताराम जेट आणायला ग्रँट रोडला गेला. मी दहा वाजता गाळा उघडला, हेरल्ड बाहेर काढली आणि कुलूप लावलं. चोरी म्हणा. टेकडीच्या खाली लवूने साखळी काढली, माझ्या बाजूची सीट रिकामी बघून काहीतरी विचारणार होता, पण विचारलं नाही. घड्याळ मी नेलंच नव्हतं. मला सेकंद नको होते, मला सातवं वळण हवं होतं.

पहिल्यांदा मीही उचलला. खरं सांगते. सहावं उजवीकडे जातं, मग जेमतेम शंभर पावलांचा सरळ तुकडा, आणि मग सातवं डावीकडे, चढतं, आणि आत शिरल्यावर आणखी आवळत जातं. समोर रस्ताच दिसत नाही, आभाळ दिसतं. तिथे पायाने मला विचारलं नाही. उठला तो उठला. मागचं अंग हलकं झालं, पोट उचललं गेलं, एक चाक कुठेतरी ओरडलं, आणि मी कशीबशी वर आले. गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. आणि मनात त्याला म्हटलं, दत्ताराम, चुकले रे, आठवडाभर तुला झापत होते. मग खाली आले, आणि वळवली, आणि परत निघाले.

या वेळी मी पायाशी बोलत होते. मोठ्याने. पहिलं, दुसरं वळण, गिअरची दांडी हातात बसत होती, हेल्मेटच्या खाली वारा मानेत शिरत होता, इंजिन पुढे त्या उघड्या गळ्याने गात होतं, तिसरं, चौथं, पेट्रोलचा आणि तापलेल्या तेलाचा वास, पाचव्याला मागची चाकं जराशी सरकली आणि मला कळलं की ती मला घाबरवत नाहीये, नुसतं सांगतेय की मी इथे आहे. सहावं. सरळ तुकडा. आभाळ. पाय म्हणाला उठू का, मी म्हटलं बस खाली. दाबून ठेवला, बोटं चपलेत वळली तरी दाबून ठेवला, आणि हेरल्ड खाली बसली. खरोखर खाली बसली, चारी पायांनी जमीन धरली, आणि वळण आवळत गेलं तशी तीही त्याच्याबरोबर वळत गेली, आणि पलीकडे तोंड उघडलं तेव्हा तिच्यात इतका जोर शिल्लक होता की आठवं, नववं, दहावं माझ्याकडेच धावत आली. एकसष्ट नंबरचा दगड मागे गेला. मी सगळा वेळ ओरडत होते हे मला घसा दुखायला लागला तेव्हा कळलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, रोजची चालायची चप्पल पायात, त्या ओसाड टेकडीवर एकटी बसून हसत होते. गाडीत दोष नव्हता. कार्बोरेटरला काही झालं नव्हतं. त्याने केलेली गाडी चंदनच्या फियाटला चालत मागे टाकेल अशी होती, आणि ते जगात मला एकटीला माहीत होतं.

एकटीला नाही. खाली आले तर लवू साखळी धरून उभा. म्हणाला, "वयनी, आज गारी ठसकली न्हाय."

"म्हणजे?"

"दर आयतवारी त्या वलनाव ठसकते ना. दादा आला का ठसकते. मना वाटला गारीलाच खोकला हाय."

"मग दादांना बोलला नाहीत कधी?"

"मी कशाला बोलू? त्याची गारी हाय. मी राखनदार."

म्हणजे लवूला माहीत होतं, आणि वळणावर पेंढ्याच्या भाऱ्यांमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणार. चंदनला तर नक्कीच. सगळे दत्तारामच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. माझं डोकंच फिरलं. परक्यांनी गप्प राहणं हा मोठेपणा असेल, घरच्या माणसाने गप्प राहणं हा भित्रेपणा आहे. त्या क्षणी मी ठरवलं, आणि घरी पोचेपर्यंत परत घाबरले.

शनिवारी दुपारी गाळ्यात गेले तर बॉनेट उघडलेलं. हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूने अख्खंच्या अख्खं वर होतं, दोन्ही मडगार्डांसकट, आत सगळं डोळ्यांपुढे. नवीन जेट बसले होते. आणि टेबलावर तेलकट कागदात गुंडाळलेला नवा कॅमशाफ्ट. उद्या सकाळी स्पर्धा, आणि हा माणूस आज इंजिन उघडणार होता. त्याच्या हातात पाना होता. मी म्हटलं, "अहो, उघडू नका."

"दोन तासांचं काम आहे गं. हा बसला ना की सातव्यानंतरचा दम—"

"आधी मला एकदा वर न्या. म्हणजे मी नेते. तुम्ही बाजूला बसा."

तो हसला. "तुला आज काय झालंय?"

"काही नाही. चालवावीशी वाटतेय. एकदाच. मग काय ते उघडा."

मी सहसा हट्ट करत नाही, म्हणूनच असेल, त्याने पाना खाली ठेवला. रस्ताभर तो मला गिअर शिकवत राहिला आणि मी हो हो म्हणत राहिले. टेकडीखाली त्याने माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळला, रुचिताचं दप्तर आवळायचा तसा, आणि म्हणाला, "सातव्याला सांभाळून." मला काही बोलून दाखवायचं नव्हतं. मला वाटलं होतं, आत बसून तो गाडी ऐकेल, तिचा दम जात नाही हे त्याला कळेल, आणि बाकीचं तो स्वतः जुळवेल. एवढाच माझा डाव होता. निघालो. चौथ्यापर्यंत तो सूचना देत होता, पाचव्याला गप्प झाला, सहाव्याला त्याने दाराची कड धरली. सरळ तुकडा. आभाळ. माझा पाय खाली होता. आणि ऐन वळणाच्या मध्ये, इंजिन पूर्ण आवाजात असताना, माझ्या डाव्या बाजूला पत्र्यावर एक आवाज झाला. टप. उघडा पत्रा, गालिचा त्यानेच काढलेला. तो दणका माझ्या टाचांखालीही आला. उचललेला बूट परत खाली पडल्याचा.

वर मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. दत्ताराम समोर बघत नव्हता. तो खाली, स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता.

"मी उचलला," तो म्हणाला.

"हो."

"इकडे तर पेडलसुद्धा नाही."

मी हेल्मेटचा पट्टा सोडला.

"दर वेळी?"

"मी एकाच रविवारी तिथे होते. पण लवू म्हणतो, दर वेळी."

तो उतरला आणि प्लॉटच्या दगडावर जाऊन बसला. मोहोळ वर घोंगावत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. तो ओरडेल म्हणून मी थांबले, रडेल म्हणून थांबले. तो म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या वर्षीचे कार्बोरेटर बरोबर होते." मग, "तो पहिला कॅमशाफ्टही बरोबर होता. मी तो भंगारात दिला." असा एकेक पार्ट तो आठवत गेला, नाव घेत गेला, आणि मी गाडीत बसून ऐकत गेले. मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं आणि तरी वळणाचा आनंद अजून अंगातून गेला नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच बाईत एकाच वेळी कशा मावतात याची मला लाज वाटत होती. त्या संध्याकाळी त्याने इंजिन उघडलं नाही. कॅमशाफ्ट कागदातच राहिला. घरी दोन पोळ्या खाल्ल्या आणि लवकर झोपला, निदान डोळे तरी मिटले.

रविवारी सकाळी रस्त्याला जत्रा. पेंढ्याचे भारे, चहाची किटली, चंदनच्या हातात भोंगा. वरच्या मोहोळाखालून वेळ टिपणाऱ्यांचं टेबल बरंच लांब हलवलं होतं. फियाटने पहिल्याच फेरीत एक्क्याऐंशी पूर्णांक नऊ मारले आणि टाळ्या पडल्या. आमची पाळी नववी. मी सातव्यावर जाऊन उभी राहिले. उचलू नको, मी मनात म्हणत होते, दत्ताराम, उचलू नको, आणि मला दुसरं काही नको होतं, खरंच. तो जिंकला असता तर मी स्टिअरिंगवर परत कधी बसले नसते तरी चाललं असतं. असं मला तेव्हा वाटलं. आवाज चढत आला. पाचवं. सहावं. सरळ तुकडा.

बसला. अर्धा सेकंद. तोच आवंढा.

त्र्याऐंशी पूर्णांक आठ. दुपारची दुसरी फेरी बाकी होती. मी धावत खाली आले तर तो बॉनेटला टेकून उभा. मला वाटलं आता जेट म्हणेल. तो म्हणाला, "आज तर उचलताना मला कळत होतं. तरी उचलला." आणि मग चंदनकडे गेला. मी मागून. "दुसऱ्या फेरीला ड्रायव्हर बदल," त्याने सांगितलं, "सुगंधा चालवेल." चंदन माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभी चलाएगी? पक्का?" दत्ताराम म्हणाला, "गाडी मेरी है ना? लिखो." मी नको म्हणायला हवं होतं, चार माणसांत एकदा तरी. माझ्या तोंडातून निघालं, "हेल्मेट कुठंय?"

तो मला सोडायला सुरुवातीच्या रेघेपर्यंत आला नाही. सातव्याकडे जाताना त्याची पाठ दिसली मला, पेंढ्याच्या भाऱ्यांमधून हळूहळू चढत जाणारी. मग झेंडा पडला आणि मला पाठ दिसेनाशी झाली, काहीच दिसेनासं झालं, रस्ता सोडून. त्या फेरीचं मी काय सांगू. माझं सगळं अंग कान झालं होतं. प्रत्येक गिअर आपल्या जागी पडला. इंजिन एकदाही घसा खाकरलं नाही. सहाव्यातून बाहेर पडले तेव्हा आभाळ होतं, आणि आभाळाच्या डाव्या कडेला एक पांढरा शर्ट, आणि माझा पाय खाली होता, आणि हेरल्ड खाली बसली, आणि शर्ट गेला, आणि वळण संपलं तरी पाय दाबलेलाच होता. अकरावं. शेवट.

एकोणऐंशी पूर्णांक चार. खालून भोंग्यात चंदनचा आवाज आला, त्याने आकडा दोनदा सांगितला, बहुतेक स्वतःलाच पटवण्यासाठी. वरची माणसं टाळ्या वाजवत गाडीभोवती आली, कुणीतरी माझा हात धरून हलवला. मी रस्त्याकडे बघत होते. सातव्यापासून वर यायला तीन मिनिटं लागतात. पाच झाली, सात झाली. दत्ताराम आला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आठ वर्षं त्याने केलं ते एका फेरीत मी त्याच्याकडून काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत, आणि वर मला ते आवडलंही. लोकांना बाजूला करून मी गाडी वळवली आणि हळू हळू खाली निघाले.

तो भाऱ्यावर बसला होता. डोळे ओले, आणि चेहरा असा, की मी इंजिन बंद करायची विसरले. कॅमशाफ्ट पहिल्यांदा फिरवून बघितला होता त्या दिवशीचा तो चेहरा.

"एकोणऐंशी झाले," मी म्हटलं. "अहो. आत्ता आपण पहिले आहोत."

त्याने मान हलवली, आकड्याची माशी उडवावी तशी.

"मी ती जाताना कधी ऐकलीच नव्हती गं," तो म्हणाला. "आठ वर्षं मी आतच. बाहेरून कशी वाजते मला माहीतच नव्हतं. ती... एवढी चांगली झालीय?"

"हो," मी म्हटलं.

तो उठला. उघड्या दाराच्या कडेवर त्याने हात ठेवला. अजून सहा गाड्या बाकी होत्या, खाली चंदन भोंग्यात ओरडत होता की रस्ता मोकळा करा.

"सगळं आटपलं की परत एकदा ये," दत्ताराम म्हणाला. "मी इथेच थांबतो."

"फेऱ्या संपल्या आपल्या."

"स्पर्धेत नाही गं. नुसती. माझ्यासाठी." मग तो जरा वाकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला गाडी कशी चालवायची ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "जोरात ये."